शंभरच्या खाली: एडिंबराच्या पब्लिक कोर्सवरच्या नोंदी, २०२५

८ मार्च

प्रकल्पाचं नाव "शंभरच्या खाली". गोल्फचे अठरा होल, शंभरापेक्षा कमी फटके, गिमी (होलजवळचा बॉल न मारताच गेला असं धरणं) नाही, पहिल्या टीवर (होल जिथून सुरू करतात ती जागा) फुकटचा दुसरा चान्स नाही, हरवलेल्या बॉलची पेनल्टी पूर्ण धरायची. कोर्स ब्रेड हिल्स. शहराच्या दक्षिणेला टेकडीवर आहे, १८८९ पासूनचा, मालकी गावाची, कुणीही पैसे भरून खेळावं. इथे प्लंबर, नर्स, बस ड्रायव्हर सगळे खेळतात आणि हे पचायला मला पहिले काही महिने लागले, कारण आमच्या नाशिकला गोल्फ क्लब ग्राउंड म्हणजे रणजीची मॅच, जाहीर सभा आणि सकाळचा जॉगिंग ट्रॅक, तिथे गोल्फची काठी घेतलेला माणूस मी जन्मात बघितला नाही. (मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं.)

दोनेक वर्षं असंच खेळतोय. स्कोअर एकशे दहाच्या आसपास अडकलाय, कधी वर कधी खाली. यूट्यूबवर स्विंग (काठी फिरवायची पद्धत) बघून बघून डोक्यात इतका कचरा झालाय की बॉलसमोर उभं राहिलं की एकाच वेळी सात सूचना ऐकू येतात.

या वेळी वेगळं करायचं. स्विंगला हात लावायचा नाही (एखादा लेसन सोडून). नवीन क्लब (म्हणजे काठी) घ्यायचा नाही, हंगाम संपेपर्यंत. फक्त लिहायचं. प्रत्येक फटका: कुठून मारला, कशाने मारला, कुठे गेला. खिशात छोटी वही, घरी आल्यावर शीटमध्ये. नोकरीत दिवसभर लोकांना सांगतो की आधी मोजा मग दुरुस्त करा, तर म्हटलं स्वतःवर पण करून बघू.

१५ मार्च

पहिला मोजलेला राउंड. ११४. वारा होता, हात गार होते, पण वारा तर इथे वर्षभर असतो त्यामुळे ते कारण शीटमध्ये जात नाही.

संध्याकाळी आकडे भरले आणि गंमत दिसली. माझी समजूत होती की माझं पटिंग (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, बॉल होलमध्ये ढकलणं) भिकार आहे. आहेच, तीन-पट (एका ग्रीनवर तीन वेळा ढकलणं) भरपूर झाले. पण त्याहून मोठं भोक दुसरीकडे आहे, पेनल्टी आणि पेनल्टीमुळे परत मारलेले फटके मिळून पंधराच्या वर गेले. म्हणजे मी ज्या फटक्यांबद्दल घरी येऊन रडतो (तो साडेतीन फुटी चुकला, हा साडेचार फुटी चुकला) ते फटके खरे चोर नाहीतच, खरा चोर टीवर उभा आहे, त्याचं नाव ड्रायव्हर, सगळ्यात लांब मारायची काठी.

हे काही माझं संशोधन नाही. कोलंबिया युनिव्हर्सिटीचे मार्क ब्रॉडी नावाचे प्रोफेसर आहेत, बिझनेस स्कूलचे. त्यांनी हजारो खेळाडूंचे फटके मांडून "स्ट्रोक्स गेन्ड" ही मोजणी (प्रत्येक फटक्याने सरासरीच्या तुलनेत किती कमावलं किंवा गमावलं) काढली, अमेरिकेतल्या व्यावसायिक पीजीए टूरने २०११ मध्ये पटिंगसाठी ती अधिकृत घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की चांगल्या आणि साध्या खेळाडूतला जो फरक असतो त्यातला साधारण दोन तृतीयांश लांबच्या फटक्यांतून येतो, ग्रीनजवळचे फटके आणि पटिंग मिळून एक तृतीयांश. आणि क्लबातले म्हातारे शपथेवर उलटं सांगतात, की सगळा खेळ शंभर यार्डांच्या आतला. माझी शीट सध्या तरी प्रोफेसरांच्या बाजूने आहे.

३० मार्च

गुढीपाडवा आणि इथली घड्याळं एक तास पुढे, दोन्ही एकाच दिवशी. संध्याकाळी एक तास उजेड जास्त, म्हणजे ऑफिसनंतर खेळता येणार. यापेक्षा मोठा सण नाही. पुरणपोळी खाऊन ब्रंट्सफील्ड लिंक्सवर गेलो.

हे ठिकाण भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी दाखवतो. भर वस्तीत मोकळं गवत, त्यात छोटे छोटे होल, सगळं फुकट. एक वेज (जवळचे उंच फटके मारायची काठी), एक पटर (पटिंगची काठी) आणि दोन बॉल घेऊन जायचं. गोल्फ इथे शेकडो वर्षं चाललाय. बाजूला कुत्री पळतायत, पोरं पिकनिक करतायत, त्यांच्यातून वाट काढत खेळायचं, आणि कुणाला बॉल लागेल या भीतीनेच माणूस सरळ मारायला शिकतो.

इथे तासभर खेळलं की रेंजवर (सरावाच्या मैदानावर) शंभर बॉल मारण्यापेक्षा जास्त मिळतं असं माझं मत झालंय, कारण प्रत्येक फटका वेगळा असतो आणि त्याचा निकाल लगेच होलमध्ये दिसतो.

बाबांचा फोन आला होता पाडव्याचा. "काय, किती केलेस आज?" म्हटलं बाबा, यात कमी चांगले. "हो रे, ते कळलं मला, कमी म्हणजे किती कमी?" एकशे दहा म्हटल्यावर थोडा वेळ शांतता, मग "आई बोलायचंय म्हणतेय" करून फोन दिला.

१४ एप्रिल

झोप झालेली नाही. रोरी मॅकिलरॉयने अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा जिंकली, जस्टिन रोझबरोबर प्लेऑफमध्ये, आणि चारही मेजर (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) पूर्ण केल्या. इथे मध्यरात्र उलटून गेली होती, बायको दोनदा येऊन बघून गेली.

नोंदीत हे का, तर तेरावा होल. चांगली आघाडी हातात, दुसरा फटका मुद्दाम आखूड ठेवला, नव्वद यार्डांच्या आतून हातात वेज, आणि बॉल ओढ्यात. सात. जगातल्या सगळ्यात चांगल्या वेजवाल्यांपैकी एक माणूस, आणि डबल बोगी (पार म्हणजे होलचे ठरलेले फटके, त्याहून दोन जास्त). त्या आठवड्यात त्याच्या चार डबल बोगी झाल्या आणि तरी विजेत्याचा हिरवा कोट त्याच्याच अंगावर. मी एका डबल बोगीनंतर पुढचे तीन होल डोक्यात राख घालून खेळतो, हे पण शीटमध्ये दिसायला लागलंय: मोठ्या आकड्यानंतरच्या टीवर माझा ड्रायव्हर नेहमीपेक्षा जास्त वाकडा जातो. तो रकाना आता वेगळा केलाय, "रागाचा फटका" नावाने.

२७ एप्रिल

लेसन घेतला. एकच. पैसे वसूल.

माझा बॉल उजवीकडे वळतो, स्लाइस. वर्षभर मी काय करत होतो, तर उजवीकडे जातो म्हणून अजून डावीकडे तोंड करून उभा राहायचो. कोचने रडारचं मशीन लावलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की हेच औषध रोग वाढवतंय. जुन्या पुस्तकांत लिहिलंय की बॉल स्विंगच्या रस्त्याने सुटतो आणि फेसच्या (क्लबची बॉलला लागणारी सपाट बाजू) दिशेने वळतो. रडार आल्यावर कळलं की उलटं आहे, बॉल सुटताना बहुतेक करून फेस जिकडे बघतोय तिकडेच सुटतो, आणि मग वळतो तो फेस आणि क्लबचा रस्ता यांच्यात किती फरक आहे त्यावर. मी डावीकडे उभा राहणार, त्यामुळे क्लब बाहेरून आत डावीकडे ओढला जाणार, फेस मात्र टार्गेटकडेच उघडा, दोघांतला फरक वाढणार आणि बॉल अजून जास्त उजवीकडे. म्हणजे मी जितका डावीकडे सरकत होतो तितका बॉल जिद्दीने उजवीकडे चालला होता.

उपाय फक्त ग्रिप. डावा हात थोडा उजवीकडे फिरवायचा, वरून बघितलं की बोटांच्या दोन-तीन गाठी दिसल्या पाहिजेत. आणि उभं राहायचं सरळ. बाकी स्विंगबद्दल एक शब्द बोलला नाही. मी विचारलं, डाव्या कोपराचं काय, तर म्हणाला कोपराला त्याचं काम माहितीय.

सध्या नवीन ग्रिप म्हणजे दुसऱ्याचे हात लावल्यासारखं वाटतंय. बॉल कधी सरळ, कधी कडक डावीकडे. चालेल.

१० मे

गॉर्स फुललंय. ब्रेड हिल्सवर हे काटेरी झुडूप सगळीकडे आहे, मे महिन्यात टेकडी पिवळीधमक होते आणि उन्हात त्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. खरंच, नारळाचा. काटे मात्र बाभळीला लाजवतील असे, हात घातला की स्वेटरसकट अडकतो.

बॉल गॉर्समध्ये गेला की काय करायचं यावर आज बराच विचार केला कारण आज तीच वेळ पुन्हा पुन्हा आली. शोधायला तीन मिनिटं (२०१९ च्या आधी पाच होती). सापडला तरी खेळता येत नाही, मग "अनप्लेएबल" म्हणायचं आणि एक पेनल्टी घेऊन तीन रस्ते: दोन क्लब लांबीच्या आत ड्रॉप (बॉल हातातून खाली सोडणं), किंवा होल आणि बॉलच्या रेषेत मागे जाऊन ड्रॉप, किंवा आधी जिथून मारला तिथून परत. ऐकायला पहिला रस्ता सोपा वाटतो, पण गॉर्सच्या मध्यापासून दोन क्लब म्हणजे गॉर्सच. मागे गेलं तरी बऱ्याचदा अजून गॉर्स. शेवटी टीवर परत, तिसरा फटका. त्यामुळे बॉल तिकडे जातोय असं वाटलं की चालायला लागायच्या आधी प्रोव्हिजनल (राखीव दुसरा बॉल) मारायचा, तोंडाने "प्रोव्हिजनल" असं स्पष्ट म्हणून. ते म्हटलं नाही तर नियमाने दुसरा बॉलच खेळात येतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही.

आमच्या शनिवारच्या गटात एक रिटायर्ड शाळामास्तर आहेत, ते ड्रायव्हर बॅगेत ठेवतच नाहीत. पाच नंबरचा हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, सोपी काठी), टक, फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा). परत टक. स्विंग बघितला तर वाटेल माणूस गालिचा झटकतोय. आणि दर वेळी माझ्यापेक्षा पंधराने कमी.

पायाला मारायचा पावडरचा स्प्रे मिळतो तो क्लबच्या फेसवर मारला की बॉल कुठे लागला त्याचा ठसा दिसतो. रेंजवर करून बघितलं. ड्रायव्हरचे माझे बहुतेक ठसे टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला. आणि ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागे असल्यामुळे बॉल मध्याबाहेर लागला की डोकं फिरतं आणि टाचेकडे लागलेल्या बॉलला स्लाइसची फिरकी आणखी मिळते. म्हणजे ग्रिप हे अर्धं कारण होतं, हे उरलेलं अर्धं. टीवर उभा राहताना बॉलपासून अर्धा पाऊल मागे. बघू.

२५ मे

अंतरं मोजली. ही नोंद मोठी होणार कारण मला वाटतं हौशी माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

मशीनवाल्या रेंजवर जाऊन प्रत्येक क्लबने बॉल मारले आणि चांगला-वाईट न निवडता सगळे लिहिले. मग मधला आकडा घेतला. सगळ्यात लांब गेलेला फटका आपल्या लक्षात राहतो आणि तोच आपण "माझं सेव्हन आयर्न" म्हणून सांगत फिरतो. माझं सेव्हन आयर्न (मधल्या अंतराची काठी) माझ्या तोंडून दीडशे यार्ड होतं. हवेतून मधला आकडा एकशे तीसच्या पण आत. बाकीचं घरंगळणं. आणि घरंगळणं काय कामाचं, मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर बॉल तिथेच राहणार.

मागच्या सगळ्या राउंडच्या वहीत ग्रीनकडे मारलेले फटके बघितले. आखूड, आखूड, आखूड, उजवीकडे, आखूड. लांब गेलेला जवळपास नाहीच. मी दर वेळी माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम फटक्याच्या हिशोबाने क्लब काढत होतो.

अजून दोन गोष्टी ज्या इथे राहून कळल्या. एक, थंडी. गार हवा दाट असते, बॉलपण कडक होतो, मार्चमधला सेव्हन आणि जुलैमधला सेव्हन एक नाही. दुसरं म्हणजे रेंजवरची चटई खोटारडी आहे, क्लब बॉलच्या मागे पडला तरी चटईवरून घसरत पुढे येतो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका गवतावर म्हणजे जमिनीत खड्डा आणि बॉल वीस यार्ड. त्यामुळे चटईवरच्या आकड्यातूनही मी थोडे वजा केलेत.

नवीन नियम, स्वतःसाठी: ग्रीनच्या मध्यापर्यंतचं अंतर बघायचं, झेंड्याचं नाही. आणि एक क्लब जास्त घ्यायचा. झेंडा पुढे असू दे, मागे असू दे, डावीकडे बंकरच्या मागे लपलेला असू दे, आपण मध्ये.

८ जून

हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) घेतला. क्लबची मेंबरशिप नाही, पण स्कॉटिश गोल्फची ओपनप्ले नावाची सोय आहे, क्लब नसलेल्यांसाठी, फोनवरून स्कोअर टाकायचे. सोबत खेळणाऱ्याने तो मान्य करायचा.

हिशोब असा आहे, कोल्हापूरच्या मित्राला समजावताना लिहिलेला तसाच इथे टाकतो. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली. सुरुवातीला ५४ होलचे स्कोअर लागतात. पुढे शेवटच्या २० राउंडमधले सगळ्यात चांगले ८ घेतात आणि त्यांची सरासरी. जास्तीत जास्त हँडिकॅप इंडेक्स ५४. प्रत्येक कोर्सला एक रेटिंग असतं आणि एक स्लोप (साध्या खेळाडूला तो किती जड जातो), स्लोप ५५ ते १५५ पर्यंत, साधारण कोर्सचा ११३ धरतात. अवघड कोर्सवर गेलात की तुम्हाला जास्त फटके मिळतात. आणि एखाद्या होलवर अकरा लागले तर हँडिकॅपच्या हिशोबात अकरा जात नाहीत, पार अधिक दोन अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे फटके, तिथे कापतात.

मित्र म्हणाला, "मग तुझं शंभराचं कशाला, हँडिकॅपच खाली आण की भावा." बरोबर आहे त्याचं. पण वीसपैकी आठ म्हणजे बारा वाईट दिवस विसरले जातात, आणि माझं दुखणं नेमकं त्या बारा दिवसांत आहे. हँडिकॅप सांगतो तुम्ही चांगल्या दिवशी काय करू शकता. मला रोजचं पाहिजे.

२१ जून

सगळ्यात मोठा दिवस. सूर्य दहाला मावळतो, त्यानंतरही बराच वेळ बॉल दिसतो. जेवण करून निघालो, साडेसातला टीवर.

पटिंगचा महिना चालू आहे. टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून निम्मे पट घालतात, फक्त निम्मे. नव्वदच्या आसपास स्कोअर करणाऱ्या हौशी माणसाचा निम्म्याचा टप्पा पाच फुटांवर. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, कारण सहा फुटी चुकला की मी स्वतःला शिव्या घालत होतो आणि आकड्यांप्रमाणे तो चुकायलाच पाहिजे होता.

मग तीन-पट येतात कुठून? पहिल्या पटमधून. शीटमध्ये पहिल्या पटचं अंतर पावलांनी मोजून लिहितोय. दहा पावलांच्या पलीकडून मारलेला पहिला पट माझा एकतर आठ फूट आखूड किंवा आठ फूट पुढे. दिशा जवळपास कायम बरोबर असते, वेग चुकतो. आणि सराव मी काय करत होतो, तर हॉलमधल्या गालिच्यावर चार फुटी सरळ पट.

आता सरावाच्या ग्रीनवर होलकडे बघतच नाही. एका कडेवरून समोरच्या कडेपर्यंत बॉल न्यायचा, काठाला लागून थांबला पाहिजे. मग उलट. चढावर, उतारावर. टार्गेट म्हणून होल नसला की मन दिशेचा हट्ट सोडतं. झेंडापण आत ठेवूनच पट करतो, २०१९ पासून चालतं, लांबून अंदाज बरा येतो.

१२ जुलै

स्कॉटिश ओपन बघायला गेलो, नॉर्थ बेरिकजवळ रेनेसान्स क्लब. ऊन. डोकं भाजून निघालं, स्कॉटलंडमध्ये टोपी विसरलो म्हणून पस्तावायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

टीव्हीवर फक्त झेंड्याजवळ पडलेले फटके दाखवतात. प्रत्यक्षात एका ग्रीनच्या मागे दोन तास बसा. एकामागून एक गट येतात आणि कितीतरी बॉल ग्रीनच्या बाहेर, कितीतरी पस्तीस फुटांवर. टूरवरचा माणूस अठरापैकी साधारण बारा ग्रीन गाठतो. दीडशे यार्डांवरून त्याचा बॉल सरासरी पंचवीस फुटांच्या आसपास पडतो. मी त्याच अंतरावरून झेंड्याकडे मारणार आणि दहा फुटांवर नाही पडला म्हणून तोंड वाकडं करणार.

अजून एक बघितलं, कुणीच ग्रीनच्या वाईट बाजूला चुकत नाहीत. चुकतात, पण जिकडून चिप (ग्रीनवर टाकायचा छोटा फटका) सोपी तिकडे. कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) आणि खेळाडू दोघं वहीत बोट ठेवून कुठे मारायचं यापेक्षा कुठे चुकलेलं चालेल हे ठरवतायत असं वाटत होतं.

४ ऑगस्ट

फ्लोरिस वादळ. पूल बंद, गाड्या बंद, बाग बंद, कोर्सचा तर प्रश्नच नाही. घरी बसलो आणि देवाची कृपा की ओव्हलची टेस्ट पाचव्या दिवसापर्यंत ओढली गेली होती. सिराजने शेवटची विकेट काढली, सहा रनांनी जिंकलो, मालिका २-२. एका हाताने वोक्स खांदा बांधून आलेला. बाहेर कचऱ्याचे डबे रस्त्यावर उडतायत आणि मी हॉलमध्ये एकटाच उड्या मारतोय.

गोल्फची नोंद शून्य.

१० ऑगस्ट

१०१. आजवरचा सगळ्यात चांगला, आणि ड्रायव्हर फक्त रुंद होलवर काढला. बाकी सगळीकडे हायब्रिड. पेनल्टी दोन-तीनच.

दुपारी मागच्या होलांवर असताना आर्थर्स सीटवर धूर दिसायला लागला. आधी वाटलं कुणीतरी शेकोटी केली, मग वाढतच गेला, डोंगराच्या अंगावरून पसरत. सगळ्या ग्रीनवरची माणसं खेळ थांबवून तिकडेच बघत उभी. कोरड्या उन्हाळ्यात तिथलं गवत आणि गॉर्स पेटलं. मास्तर म्हणाले आपल्या इथलं गॉर्सपण तेवढंच सुकलंय. खरंय, पायाखालचं गवत कुरकुरतंय, फेअरवेवर पडलेला बॉल चाळीस यार्ड पळतो. त्यामुळे आजच्या १०१ मधले काही फटके उन्हाचे आहेत, माझे नाहीत, तशी नोंद शेजारी केली.

२ सप्टेंबर

एडिंबराजवळच्या मसलबराला नऊ होल. बायको म्हणाली गणपती बसलेत आणि तू कुठे निघालास, तर आरती करून निघालो, मोदक खिशात.

मसलबरा लिंक्स म्हणजे घोड्यांच्या रेसकोर्सच्या आतला कोर्स. रेस असेल त्या दिवशी बंद. १६७२ मध्ये इथे खेळल्याची नोंद आहे आणि ब्रिटिश ओपन इथे सहा वेळा झाली, १८७४ ते १८८९ च्या दरम्यान. सगळ्या जगात गोल्फचा होल १०८ मिलिमीटरचा असतो, त्याचं मूळपण इथलंच: १८२९ मध्ये इथे होल पाडायचं एक हत्यार बनवलं, त्याचा व्यास तेवढा होता, पुढे आर अँड ए या नियम करणाऱ्या संस्थेने तेच माप सगळ्यांना लावलं. म्हणजे माझ्या सगळ्या चुकलेल्या पटचं मूळ या गावच्या लोहारात आहे. चौथ्या होलचं नाव मिसेस फोरमन्स, बाजूच्या खानावळीवरून.

इथे खेळायची शिकवण वेगळी. जमीन कडक, गवत बारीक, वेजने बॉल उचलायला गेलं की क्लब जमिनीवरून उसळी घेतो आणि बॉलच्या पोटात बसतो, थिन, ग्रीनच्या पलीकडे. पुढच्या गटातली एक आजी (ऐंशीच्या तरी असतील) ग्रीनच्या पंधरा यार्ड बाहेरून सरळ पटर मारत होत्या. प्रत्येक होलवर. आणि प्रत्येक वेळी सहा फुटांच्या आत. मी पण सुरू केलं. माझा सगळ्यात वाईट पट माझ्या सरासरी चिपपेक्षा जवळ थांबतो, हे शीटमध्ये आधीपासून होतं, डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं.

आता क्रम असा: पटर चालत असेल तर पटर. नसेल तर सेव्हन आयर्नने घरंगळता चिप. लॉब वेज (बॉल सगळ्यात उंच उडवणारी काठी) फक्त बंकरवरून, आणि तेही नाइलाजाने.

१४ सप्टेंबर

९८.

रेकॉर्ड म्हणून लिहितो: पार पाच असलेल्या एकाही होलवर सहाच्या खाली नाही, बर्डी (पारपेक्षा एक कमी) नाही, पार मोजके. एकही आठ नाही, एकही बॉल हरवला नाही. बघायला अतिशय कंटाळवाणा राउंड. मास्तरांनी हात मिळवला आणि म्हणाले आता नव्वद. मित्राला मेसेज केला, त्याचं उत्तर, "पेढे."

५ ऑक्टोबर

एमी वादळानंतर. कोर्सवर फांद्या, बंकरमध्ये पाणी, १०५. वारा तोंडावर असताना जोरात मारायला गेलो की बॉल वर चढतो आणि तिथेच थांबतो, हे माहिती असून हात ऐकत नाहीत. वाऱ्यात दोन क्लब जास्त आणि हळू, फिरकी कमी होते, बॉल खाली राहतो. "रागाचा फटका" रकान्यात आज भर पडली.

१९ ऑक्टोबर

हंगामाचा हिशोब. दिवाळीच्या साफसफाईत बायकोने सांगितलं की टेबलावरच्या वह्या उचल, त्यामुळे आजच केला.

मार्च-एप्रिलचे राउंड आणि ऑगस्टपासूनचे राउंड शेजारी ठेवले. सरासरी दहाएक फटक्यांनी खाली. कुठून आले ते बघितलं, तर निम्म्याहून जास्त टीवरून, पेनल्टी आणि परत मारणं कमी झालं म्हणून. त्यानंतर ग्रीनजवळ, पटर आणि घरंगळत्या चिपमुळे. तीन-पट कमी झाले, पण मला वाटलं होतं तेवढे नाही. ग्रीनकडे मारलेले फटके एक क्लब जास्त घेऊनसुद्धा अजून आखूडच पडतात, फक्त कमी आखूड. आणि स्विंग? फोनवर मार्चचा आणि ऑक्टोबरचा व्हिडिओ लावून बघितला. ग्रिप सोडली तर दोन्हीत तोच माणूस तसाच वेडावाकडा झुलतोय.

एक खटकतंय. ब्रॉडींच्या हिशोबात लांब मारणं फायद्याचं असतं, हायब्रिडने खेळून मी वीस-तीस यार्ड दर होलला सोडून देतोय. शंभरच्या आत यायला हे चाललं. नव्वदला चालणार नाही असं आकडे सांगतात, कारण दुसरा फटका इतक्या लांबून मारून ग्रीन गाठता येत नाही. मास्तर नव्वदच्या आत येतात पण त्यांच्यासारखं चिपिंग यायला मला अजून पन्नास वर्षं लागतील. म्हणजे ड्रायव्हर परत काढावा लागणार, टाचेवरचे ठसे मध्यावर आणून.

२३ नोव्हेंबर

फ्रॉस्टमुळे सकाळी कोर्स बंद, दुपारी उघडला तर चारच्या आधीच सूर्य मावळला. तात्पुरती ग्रीन लावलीत, पटिंगला अर्थ नाही, स्कोअर लिहिलाच नाही.

हिवाळ्याचं काम ठरलं: आठवड्यातून एकदा आतल्या रेंजवर ड्रायव्हर, स्प्रे मारून, ठशांचे फोटो. गरम पाण्याची पिशवी बॅगेत. नवीन क्लब न घेण्याची मुदत संपली म्हणून दुकानात जाऊन आलो, तिथल्या पोराने माझ्या हातात सगळ्यात महागडा ड्रायव्हर दिला आणि मशीनवर बॉल मारायला लावले. मधला आकडा जुन्यापेक्षा चार यार्ड जास्त. परत ठेवला. त्या पैशांत अजून लेसन घेतोय, पहिला येत्या गुरुवारी, त्याच कोचकडे. कोपराबद्दल परत विचारणार आहे.

कोल्हापूरचा मित्र मार्चपासून येतो म्हणतोय. त्याला शीटची कॉपी पाठवली, सगळे रकाने काढून फक्त तीन ठेवले: पेनल्टी, पहिल्या पटचं अंतर, रागाचा फटका. त्याचा प्रश्न: "आणि लांब किती मारला ते कुठं लिहायचं?"

चौथा रकाना वाढवून दिला.